मुलगे, मुली आणि लाप्लास यांची मोजणी

लाप्लास हे नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लाप्लास रूपांतरामुळे माहीत असते, तर खगोलशास्त्राच्या अभ्यासकांना ग्रहांच्या गतीच्या गणितामुळे. पण या फ्रेंच गणितज्ञाने आणखी एका प्रश्नाचा पिच्छा सुमारे चाळीस वर्षे सोडला नव्हता. जे सगळेच्या सगळे मोजणे शक्य नाही, त्याची संख्या थोडे मोजून कशी सांगायची, हा तो प्रश्न. आज जंगलातील हरणे, अस्वले किंवा वाघ मोजणारे अभ्यासक जे गणित वापरतात, त्याची मुळे लाप्लास यांच्या कामात सापडतात. त्या गणितात नर आणि मादी यांचा हिशेब वेगळा का ठेवावा लागतो, याचा धडाही लाप्लास यांनी घालून दिला. तो मात्र जंगलातून आलेला नाही. पॅरिसमधील अनाथ बालकांच्या रुग्णालयाच्या नोंदवह्यांतून तो आला.

प्येर-सिमाँ लाप्लास यांचा जन्म २३ मार्च १७४९ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील बोमाँ-आँ-ओज या लहानशा गावी झाला. सफरचंदांच्या बागा आणि सफरचंदाची दारू यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील याच दारूच्या व्यापारात होते. मुलाने धर्मसेवेत जावे असा घरच्यांचा विचार होता. गावातील बेनेडिक्टाइन संन्याशांच्या शाळेत शिकून वयाच्या सोळाव्या वर्षी ते काँ शहरातील विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला गेले. तिथे दोन शिक्षकांनी त्यांच्यातील गणिताची चमक ओळखली आणि धर्मशास्त्र मागे पडले. एकोणीस-वीस वर्षांचे असताना शिफारसपत्र घेऊन ते पॅरिसला दालाँबेर यांच्याकडे गेले. दालाँबेर हे त्या काळातील फ्रान्सचे सर्वांत वजनदार गणितज्ञ. त्यांनी या तरुणाची परीक्षा पाहिली आणि त्याला पॅरिसच्या सैनिकी शाळेत गणित शिकवण्याची नोकरी मिळवून दिली. १७७३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, लाप्लास फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

पुढच्याच वर्षी त्यांनी संभाव्यतेवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. तोपर्यंत संभाव्यतेचे गणित मुख्यतः फासे, पत्ते आणि सोडती यांच्याभोवती फिरत होते. पेटीत किती पांढऱ्या व किती काळ्या गोट्या आहेत हे ठाऊक असेल, तर पांढरी गोटी हाती येण्याची शक्यता किती, असा तो सुलटा प्रश्न होता. लाप्लास यांनी तो उलटा करून विचारला. हाती आलेल्या गोट्या पाहून पेटीत काय असेल ते सांगता येईल का? आणि सांगितलेले किती भरवशाचे, हेही सांगता येईल का? वैद्यकातील औषधांच्या चाचण्यांपासून निवडणुकीच्या अंदाजांपर्यंत सर्वत्र आज हाच उलटा प्रश्न विचारला जातो.

या प्रश्नासाठी त्यांना खरी आकडेवारी हवी होती. ती मिळाली पॅरिसच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदींतून. १७४५ ते १७७० या काळात पॅरिसमध्ये २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली यांची नोंद झाली होती. मुलगे थोडे जास्त दिसतात, पण हा निव्वळ योगायोग असू शकतो का? लाप्लास यांनी हिशेब केला. मुलगा होण्याची शक्यता खरोखर निम्मी किंवा त्याहून कमी असेल, याला उरलेली जागा इतकी क्षुल्लक निघाली, की दशांश चिन्हानंतर चाळीसहून अधिक शून्ये लिहावी लागली असती. मुलगे किंचित जास्त जन्मतात, हा निसर्गाचा नियमच मानावा लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याच काळात त्यांचे लक्ष इतर विषयांतही होते. १७८२-८३ च्या हिवाळ्यात रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांच्याबरोबर त्यांनी बर्फाच्या साहाय्याने उष्णता मोजण्याचे उपकरण तयार केले. त्यात एक गिनीपिग ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले आणि त्याच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूशी त्याचा मेळ घातला. श्वसन म्हणजे शरीरात चाललेले एक संथ ज्वलन आहे, हे या प्रयोगांतून पुढे आले. शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासात या प्रयोगाचे स्थान मोठे आहे. १७८५ मध्ये तोफखान्यात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांची परीक्षा घेताना लाप्लास यांच्यासमोर सोळा वर्षांचा एक उमेदवार आला आणि उत्तीर्ण झाला. त्याचे नाव नेपोलियन बोनापार्ट.

देशाची लोकसंख्या हा तेव्हा राजकीय प्रश्न होता. फ्रान्सची वस्ती घटत चालली आहे, अशी समजूत अठराव्या शतकात अनेक सुशिक्षितांमध्ये पसरली होती. किती धान्य लागेल, किती कर मिळेल, किती सैनिक उभे राहतील, हे सारे या एका आकड्यावर अवलंबून होते. पण घरोघरी जाऊन सगळ्यांना मोजणे खर्चाचे आणि संशय वाढवणारे काम होते. कर वाढवायला आले असे वाटून लोक माणसे लपवत. जन्माची नोंद मात्र चर्चमध्ये होतच असे. म्हणून एक जुनी युक्ती वापरली जाई. काही गावांत माणसे आणि वर्षभरातील जन्म दोन्ही मोजायचे, एका जन्मामागे किती माणसे येतात ते काढायचे आणि देशातील एकूण जन्मांना त्या आकड्याने गुणायचे. ही युक्ती लाप्लास यांच्या आधीची आहे. त्यांनी तिच्यात भर घातली ती एका मोलाच्या गोष्टीची. आलेले उत्तर किती चुकलेले असू शकते, हेही सांगितले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. १७८० च्या दशकात त्यांनी पॅरिसमधील जन्म, विवाह आणि मृत्यू यांवर लिहिलेल्या निबंधात हा हिशेब मांडला.

मग राज्यक्रांती आली. १७९३ मध्ये विज्ञान अकादमी बंद झाली. वजनमापांची नवी दशमान पद्धत ठरवणाऱ्या समितीतून लाप्लास यांना काढून टाकण्यात आले. दहशतीच्या त्या महिन्यांत ते पत्नी आणि दोन मुलांसह पॅरिसबाहेर राहिले. मे १७९४ मध्ये लव्हाझिए यांना गिलोटिनखाली मृत्युदंड देण्यात आला. त्याआधी काहीच आठवडे, संभाव्यतेच्या अभ्यासात त्यांच्यासारखाच रस असलेले कोंदोर्से तुरुंगात मरण पावले होते. लाप्लास वाचले. वारा पाहून पाठ फिरवणारा माणूस, अशी टीका त्यांच्यावर पुढे आयुष्यभर झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. १७९९ मध्ये नेपोलियनने त्यांना गृहमंत्री केले आणि सहाच आठवड्यांत काढले. गणितातील बारीकसारीक गोष्टींत रमण्याची सवय कारभारातही त्यांना सुटली नाही, अशी नेपोलियनची तक्रार होती. तरीही मानसन्मान मिळत राहिले. ते सिनेटमध्ये गेले, उमराव झाले. १८१४ मध्ये त्याच नेपोलियनला पदच्युत करण्याच्या बाजूने त्यांनी मत दिले आणि राजेशाही परतल्यावर १८१७ मध्ये ते मार्क्विस झाले.

मंत्रिपद गेले, तरी सरकारदरबारी त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांच्याच सूचनेवरून फ्रान्स सरकारने १८०२ मध्ये एक नमुना मोजणी करून घेतली. देशाच्या निरनिराळ्या भागांतील तीस जिल्हे निवडले, म्हणजे हवामानातील फरकांचा परिणाम सारखा व्हावा. त्या जिल्ह्यांतही जिथले महापौर कामात चोख होते, अशीच गावे घेतली. २२ सप्टेंबर १८०२ रोजी या गावांत २०,३७,६१५ माणसे भरली. आधीच्या तीन वर्षांत तिथे १,१०,३१२ मुलगे आणि १,०५,२८७ मुली जन्मल्या होत्या. म्हणजे वर्षाला एक जन्म, तर त्यामागे सुमारे २८.३५ माणसे. देशात वर्षाला दहा लाख जन्म होतात असे धरले, तर फ्रान्सची लोकसंख्या २ कोटी ८३ लाखांच्या वर जाते. लाप्लास तिथे थांबले नाहीत. चूक पाच लाखांच्या आत असण्याची शक्यता ती बाहेर असण्याच्या शक्यतेपेक्षा हजारपटीहून जास्त आहे, असेही त्यांनी काढले. त्यांची गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे आजचा संख्याशास्त्रज्ञ इतका विश्वास दाखवणार नाही. पण मोजणीच्या आकड्याबरोबर त्याच्या चुकीचा आवाका सांगण्याची प्रथा इथून रुजली.

या मोजणीत मुलगे आणि मुली यांचे प्रमाण २२ मुलग्यांमागे २१ मुली असे आले. आजही जगात साधारणपणे १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे लाप्लास यांचा आकडा जवळजवळ तोच आहे. पण त्यामुळे एक जुने कोडे पुन्हा वर आले. पॅरिसमध्ये हे प्रमाण २५ मुलग्यांमागे २४ मुली असे होते. फरक दिसायला नगण्य वाटतो. पण लाखो नोंदींवर तो टिकून होता, त्यामुळे योगायोग म्हणून सोडून देता येत नव्हता. लंडनमध्ये तर १९ मुलग्यांमागे १८ मुली, म्हणजे मुलगे आणखी जास्त. मग पॅरिसच्या हवेत, पाण्यात किंवा खाण्यात असे काय होते, की तिथे मुली जास्त जन्माव्यात?

हवापाण्यावर सिद्धान्त रचणे सोपे होते. लाप्लास यांनी त्याआधी वेगळा प्रश्न विचारला. पॅरिसच्या यादीत नाव असलेले प्रत्येक मूल पॅरिसचेच आहे का? शहरात टाकून दिलेल्या बालकांसाठी एक मोठे रुग्णालय होते. तिथे आलेल्या मुलांचा बाप्तिस्मा होई आणि त्यांची नावे पॅरिसच्या नोंदींत जात. त्यातली बरीच मुले आसपासच्या खेड्यांतून आणि दूरच्या प्रांतांतून आणलेली असत. लाप्लास यांनी त्या रुग्णालयाच्या १७४५ ते १८०९ या काळातील नोंदी तपासल्या. तिथे १,६३,४९९ मुलगे आणि १,५९,४०५ मुली होत्या. म्हणजे ३९ मुलग्यांमागे ३८ मुली. निसर्गाच्या प्रमाणापेक्षा मुलींचा वाटा इथे स्पष्टपणे जास्त होता. अर्थ सरळ होता. शेतावर हाताशी येईल म्हणून मुलगा ठेवून घेणारे आणि मुलीला रुग्णालयाच्या दारी सोडणारे आईबाप थोडे जास्त होते. ही मुले हिशेबातून वगळली, तेव्हा पॅरिसचे प्रमाणही २२ मुलग्यांमागे २१ मुली असे झाले.

निसर्ग पॅरिसमध्येही तोच होता. फरक पडला होता तो यादीत नाव येण्याच्या शक्यतेत. ती मुलासाठी वेगळी होती आणि मुलीसाठी वेगळी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला मुलगा-मुलगी प्रमाणाचे आकडे नवे नाहीत. अशा प्रत्येक आकड्यामागे जन्म किती झाले आणि नोंद कोणाची झाली, हे दोन स्वतंत्र प्रश्न असतात, ही जाणीव लाप्लास यांच्या या तपासात आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात लाप्लास पॅरिसजवळच्या आर्कय गावी राहत. शेजारी रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले यांचे घर होते आणि या दोघांभोवती तरुण वैज्ञानिकांचा मेळा जमत असे. संभाव्यतेवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८१२ मध्ये आणि सामान्य वाचकांसाठीचा छोटा ग्रंथ १८१४ मध्ये निघाला. मधल्या वर्षी, १८१३ मध्ये, त्यांची एकुलती मुलगी बाळंतपणात दगावली. ५ मार्च १८२७ रोजी पॅरिसमध्ये, अठ्ठ्याहत्तरावे वर्ष पूर्ण होण्यास काही दिवस असताना, त्यांचे निधन झाले.

त्यांचे गुणोत्तराचे गणित पुढे पाण्यात आणि रानात गेले. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेस जातीच्या चपट्या माशांना खुणा लावून पुन्हा पाण्यात सोडले आणि नंतर जाळ्यात आलेल्यांपैकी खुणेचे किती ते पाहिले. अमेरिकेत फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० मध्ये पायात कडी घातलेल्या रानबदकांपैकी किती शिकाऱ्यांच्या हाती लागतात, यावरून बदकांच्या एकूण संख्येचा अंदाज बांधला. लाप्लास यांच्या हिशेबात खुणेची जागा जन्मनोंदीने घेतली होती, बाकी रीत तीच. आता तर प्राणी एकदाच पकडून त्याला रेडिओ कॉलर किंवा कानात बिल्ला लावतात. त्यानंतर त्याला पुन्हा पकडत नाहीत. ठरावीक वाटांवर फिरून किंवा विमानातून पाहताना दिसलेल्या प्राण्यांत खुणेचे किती आणि बिनखुणेचे किती, एवढेच टिपतात. याला खूण आणि पुनर्दर्शनाची पद्धत म्हणता येईल. जनावराला त्रास कमी आणि खर्चही कमी.

अडचण तीच, पॅरिसच्या यादीची. नर आणि मादी सारखे दिसत नाहीत, सारखे फिरत नाहीत. समजा, एका जंगलात ४० नर हरणे आणि ८० माद्या आहेत. मोजणाऱ्यांना अर्थातच हे माहीत नाही. नर उघड्यावर जास्त वावरतात, पाडसे सांभाळणाऱ्या माद्या झाडोऱ्यात राहतात. त्यामुळे नरांपैकी निम्मे, म्हणजे २०, पकडून खुणा केल्या. माद्यांपैकी चौथा हिस्सा, म्हणजे २०. पुढच्या फेरीतही निम्मे नर दिसले, २०, आणि त्यात १० खुणेचे. माद्याही २० दिसल्या, पण त्यात खुणेच्या फक्त ५. सगळ्यांचा हिशेब एकत्र केला, तर खुणेची ४०, दिसलेली ४०, त्यात खुणेची १५. गुणोत्तराने उत्तर येते सुमारे १०७. प्रत्यक्षात हरणे आहेत १२०. नर-मादीचा हिशेब वेगळा केला, तर नर २० गुणिले २० भागिले १०, म्हणजे ४०. माद्या २० गुणिले २० भागिले ५, म्हणजे ८०. बेरीज बरोबर १२०.

एकत्र हिशेबात तेरा हरणे हरवली, हे नुकसान लहान आहे. मोठे नुकसान वेगळेच. दिसलेल्या कळपात नर आणि माद्या समसमान होत्या, त्यामुळे जंगलातही त्या समसमान असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात माद्या दुप्पट आहेत. पुढच्या वर्षी किती पाडसे येतील, गवत पुरेल का, परदेशात जिथे शिकारीचे परवाने देतात तिथे किती द्यायचे, हे सारे मुख्यतः माद्यांच्या संख्येवर ठरते. उलट, कुठे माद्याच जास्त दिसत असतील, तर त्यांची संख्या खऱ्यापेक्षा फुगलेली वाटेल आणि धोक्याची सूचना उशिरा मिळेल.

मग दर वेळी दोन वेगळे हिशेब केले की झाले, असे वाटेल. पण खुणा मुळातच थोड्या असतात. त्या दोन गटांत वाटल्या, की प्रत्येक गटाचे उत्तर डळमळीत होते. वरच्या उदाहरणात पाचऐवजी चारच खुणेच्या माद्या दिसल्या असत्या, तर ८० च्या जागी १०० असे उत्तर आले असते. म्हणून अभ्यासक मधला मार्ग काढतात. ऋतू, हवा किंवा झाडीची दाटी यांचा दिसण्यावर होणारा परिणाम दोघांसाठी सारखा धरून तो सगळ्या नोंदींतून काढायचा. नर-मादीतला फरक तेवढा वेगळा ठेवायचा. आणि तो फरक ठेवण्याइतका पुरावा नोंदींत आहे का, हे पारखून घ्यायचे. खुणाही सारख्या टिकत नाहीत. अनेक जातींच्या हरणांत माजाच्या काळात नराची मान फुगते, म्हणून त्यांच्यासाठी सैल होणारे कॉलर लागतात. कॉलर गळून पडले, की खुणेचा नर बिनखुणेचा म्हणून मोजला जातो आणि नरांची संख्या उगाच वाढते.

सगळ्यांत नाजूक प्रश्न असतो तो ओळख न पटलेल्यांचा. लांबून दिसलेले, अंधारात टिपलेले किंवा लहान वयाचे जनावर नर की मादी, हे सांगता येत नाही. अशा नोंदी फेकून देण्याचा मोह होतो. पण शिंगांमुळे नर चटकन ओळखू येत असतील, तर अनोळखींत माद्याच जास्त असणार. त्या टाकल्या, की माद्या पुन्हा कमी भरतात. म्हणून अशी नोंद ठेवून ती नराची असण्याची शक्यता किती आणि मादीची किती, हेही त्याच गणितात घालतात. दिसले ते पाहून न दिसलेल्याची शक्यता काढायची, हा लाप्लास यांचा १७७४ चा उलटा प्रश्नच इथे कामाला येतो.

आपल्याकडे ताडोबा किंवा मेळघाटात कॅमेरे लावून वाघ मोजतात, तेव्हा अंगावरचे पट्टे हीच खूण असते, ती वेगळी लावावी लागत नाही. पण नर वाघाचे क्षेत्र मोठे असते आणि त्यात एकाहून अधिक वाघिणींची क्षेत्रे येतात. लांब फिरणारा नर जास्त कॅमेऱ्यांसमोरून जातो. पिल्ले सांभाळणारी वाघीण थोड्याच भागात राहते. त्यामुळे अशा मोजणीत नर आणि मादी किती दूर फिरतात आणि कॅमेऱ्यात किती वेळा येतात, हे दोन्ही वेगवेगळे धरण्याची सोय ठेवतात. फोटोंमध्ये नर जास्त दिसले म्हणून जंगलात नर जास्त आहेत, असे कोणी अनुभवी मोजणीदार म्हणत नाही. आधी तो पाहतो की कॅमेरे कुठे लावले होते आणि कोणाच्या वाटेवर होते. लाप्लास यांनी पॅरिसच्या आकड्याचे कारण हवापाण्यात शोधण्याआधी रुग्णालयाच्या नोंदवह्या मागवल्या होत्या, त्या याच तपासासाठी.